देवाला मेमो

हॉस्पिटलात प्रत्येक नर्सला सिस्टरच म्हणतात, त्यामुळे त्या शब्दातलं नातं कधीच झिजून गेलेलं असतं. पण त्या हॉस्पिटलात दोघीजणी खऱ्या सिस्टर होत्या. एका आईच्या पोटच्या, एका घरात राहणाऱ्या, एकाच नर्सिंग शाळेत शिकलेल्या. थोरली बायकांच्या वॉर्डची इन्चार्ज, धाकटी लहान मुलांच्या वॉर्डात. लिफ्टवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना थोरली आणि धाकटी असंच म्हणायचे, आणि कुणी नुसतं ‘खऱ्या सिस्टर कुठंयत’ असं विचारलं तरी माणूस बरोबर दारात पोचायचा.

ही गोष्ट थोरलीची. बाई कडक. नाकावर माशी बसू द्यायची नाही. वॉर्डात एखाद्या चादरीला सुरकुती पडली तर तिच्या कपाळाला चार पडायच्या, आणि त्या आधी दिसायच्या. पण पेशंटला कूस बदलून द्यायला लागली की तोच हात असा हलका व्हायचा, की झोपलेलं माणूस झोपलेलंच राहायचं. नव्या पोरी तिला टरकून असायच्या आणि वर्षभरानं दुसऱ्या वॉर्डात बदली झाली की तिच्याच नावानं भाव खायच्या. ‘आम्ही थोरलीच्या हाताखालच्या’ एवढं म्हटलं की पुढं कुणी काही विचारायचं नाही.

तिचं सगळ्यात जास्त लक्ष असायचं ते ओव्हरवर. एका पाळीची नर्स घरी निघताना पुढच्या पाळीच्या नर्सला एकेक बेडपाशी उभं करून पेशंटची हकीकत सांगते, त्याला ओव्हर देणं म्हणतात. थोरलीचे त्यात दोन नियम होते. आधी बेड नंबर, मग बाकीचं रामायण. आणि घेणारीनं तोंडानं ‘घेतली’ असं म्हटल्याशिवाय ओव्हर झाली असं समजायचं नाही. एखादी नुसती मान हलवायची, तर थोरली जागची हलायची नाही. मान तर टेबलफॅनही हलवतो, असं म्हणायची. एकदा ‘घेतली’ म्हटलं की तो पेशंट घेणारीचा. मग काही झालं तर जबाबदारी तिची, आणि देणारीनं मोकळ्या मनानं घरी जायचं.

आता या बाईच्या मोकळ्या मनाचं गुपित लॉकरमध्ये होतं. तिच्या लॉकरच्या दाराला आतून देवाचं एक चित्र चिकटवलेलं होतं, पत्त्याएवढं, कडा पिवळ्या पडलेलं. ड्यूटी संपली की थोरली दार अर्धवट उघडायची, डोकं आत घालायची आणि पुटपुटत राहायची. नव्या पोरींना वाटायचं, सिस्टर लपवून काहीतरी खातायत. खात नव्हती. देवाला ओव्हर देत होती. चार नंबर, दम लागतोय, मुलगा अजून आलेला नाही. नऊ नंबर, उद्या ऑपरेशन, घाबरलीय पण बोलत नाही. असे सगळे बेड ओळीनं सांगून ती दार लावायची आणि पर्स काखेत मारून निघायची. पुढच्या पाळीला सांगायचं ते शरीराचं, आणि देवाला सांगायचं ते बाकीचं, अशी तिची सरळ वाटणी होती. देव कधी ‘घेतली’ म्हणाला नाही, पण तो वयानं आणि नोकरीनं मोठा, म्हणून तेवढी सूट तिनं त्याला दिली होती. या एका सवयीच्या जोरावर तिनं आयुष्यभर मरणं पाहिली आणि घरी जाऊन शांत झोपली. कुणी पोरगी एखाद्या पेशंटपायी रडताना दिसली की तिचं औषध ठरलेलं होतं. पाणी पी, देवाला सांग, कामाला लाग.

धाकटी याच्यावरून तिला भरपूर छळायची. “ताई, तुझ्या देवाला एक आठवडी सुट्टी तरी देत जा गं,” ती म्हणायची, “बिचारा कायमचा नाईटला.” धाकटी गोल चेहऱ्याची, मोठ्यानं हसणारी, आणि केसांच्या बाबतीत भलती गबाळी. आईवडील लवकर गेले तेव्हापासून तिची वेणी थोरलीच घालून द्यायची. पुढं धाकटीचे केस पांढरे व्हायला लागले तरी सकाळी ड्यूटीआधी खुर्चीवर बसून ती डोकं मागं करायची, आणि थोरली दातात पिना धरून ओरडत वेणी घालायची. संसार म्हणाल तर दोघींचा एवढाच, आणि तो दोघींना पुरत होता.

ती धाकटी साधा ताप म्हणून आजारी पडली. दोन दिवस अंगावर काढला, कारण नर्सा स्वतःच्या बाबतीत महामूर्ख असतात. मग कळलं, रक्तात जंतू पसरलेत. तिला थोरलीच्याच वॉर्डात आणलं आणि खिडकीकडचा अकरा नंबर दिला. घरच्या माणसाची ड्यूटी आपण करायची नाही हा नियम. थोरली तो मोडणाऱ्यातली नव्हती. तिनं अकरा नंबर दिला तो वॉर्डातल्या सगळ्यात चटपटीत पोरीकडं. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती चालताना कधी कुणाला दिसलीच नव्हती, पळतानाच दिसायची. थोरली आपली ड्यूटी संपवून मग बहिणीपाशी बसायची, साध्या नातेवाइकासारखी, स्टुलावर.

एका दुपारी धाकटीला उतार पडल्यासारखं वाटलं. ताप खाली आला, बीपी बरं आलं, चार चमचे सूप गेलं. ती थोरलीला म्हणाली की घरी जा, अंघोळ कर, तुझा वास यायला लागलाय. थोरलीनं भिंगरीला बेडपाशी उभं करून सगळं सांगितलं, ‘घेतली’ म्हणवून घेतलं. मग लॉकर उघडून देवाला सांगितलं. अकरा नंबर, माझी बहीण, तुझ्या भरवशावर सोडून जातेय. घरी जाऊन तिनं अंघोळ केली आणि केस पुसता पुसता पलंगाच्या कडेवर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. संध्याकाळी परत आली तेव्हा अकरा नंबरचा पडदा ओढलेला होता. भर संध्याकाळी असा ओढलेला पडदा काय सांगतो, ते तिला कुणी समजावण्याची गरज नव्हती.

लोकांना वाटलं, बाई खंबीर. क्रियाकर्म उरकून ती लगेच कामावर आली, डोळ्यांत टिपूस नाही. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. तिनं मात्र पहिल्याच दिवशी लॉकर उघडला, चित्राकडं पाहिलं आणि हळू आवाजात, पण वॉर्डातल्याच सुरात म्हणाली, “ओव्हर घेतलीस आणि पेशंटकडं बघितलं नाहीस. माझ्या हाताखालचा असतास तर मेमो दिला असता. आता समज, दिलाय.” आणि दार लावून टाकलं. त्या दिवसापासून तिनं देवाशी अबोला धरला. कपडे खिळ्याला अडकवायला लागली, पर्स मावशींच्या टेबलाखाली ठेवायला लागली. मावशी म्हणजे वॉर्डाची झाडलोट आणि पेशंटचं हवं-नको बघणाऱ्या बाई, तिच्याइतक्याच जुन्या. त्यांच्या लक्षात आलं होतं, पण त्या मूग गिळून बसल्या.

रागाला निदान पत्ता होता. दुसऱ्या गोष्टीला पत्ताच नव्हता. तिची झोप उडाली. जेवण घशाखाली उतरेना, तर डबा गटाराकाठच्या कुत्र्याला घालून, स्वच्छ धुऊन घरी न्यायची. गॅस बंद केला की नाही म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरायची. औषधाची एकच बाटली पुनःपुन्हा वाचायची. आणि भिंगरीकडं तिनं बघणंच सोडलं. तिला वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाचे बेड दिले, काही सांगायचं झालं तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून सांगायला लागली. सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ काढला, की थोरली तिच्यावर रागावलीय. भिंगरीनंही तोच काढला. तिचं पळणं थांबलं, आणि ती चादरींच्या खोलीत जास्त आणि वॉर्डात कमी दिसायला लागली.

आणि मग एका सकाळी ती चूक झाली. थोरली पुढच्या पाळीच्या पोरींना ओव्हर देत होती. एक नंबरपासून दहा नंबरपर्यंत सगळं चोख. अकरा नंबरला एक आजी होत्या, मधुमेहाच्या, पायाला जखम झालेल्या. थोरली त्यांच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तशाच ठाशीव आवाजात बोलायला लागली. अकरा नंबर, ताप उतरलाय, बीपी बरं आहे, चार चमचे सूप घेतलं, वेणी घालायची राहिलीय. बहीण जवळ आहे.

आजींनी टकलावरून हात फिरवला. आजारात त्यांचे केस गेलेले होते. “बाई, कुणाची वेणी?” त्या म्हणाल्या. “आणि मला तर बहीण नाही.”

वॉर्डाच्या टोकाला भिंगरीच्या हातून ट्रे पडला. थोरलीनं आजींकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिची ओव्हर अर्धी राहिली. आजींना सकाळचं इन्सुलिन होतं आणि ते ती सांगायची विसरली होती. मावशींना आजींच्या रोजच्या वेळा पाठ होत्या, म्हणून ते निभावलं.

मेट्रनबाई तिच्याच बॅचच्या. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि विचारलं की तुझ्या हाताखालच्या पोरीनं हे केलं असतं तर तू काय केलं असतंस. थोरली म्हणाली, मेमो दिला असता. मेट्रनबाई म्हणाल्या, मग आता तूच सांग, मेमो घेतेस की मनाच्या डॉक्टरांकडं जातेस. ते बरी म्हणेपर्यंत वॉर्ड तुझ्या हातात देता येणार नाही. बहीण गेली, देव गेला, आणि आता उरला होता तो वॉर्डही जायला निघाला. मेमो घेतला असता तर नाव गेलं असतं, आणि मनाच्या डॉक्टरांकडं जायचं म्हणजे तिच्या मते देव आणि आपण दोघंही कमी पडलो अशी जाहीर कबुली. पण नियम तिचाच होता. पेशंटला धोका झाला की आधी स्वतःला बाजूला करायचं.

मनाच्या डॉक्टरांचा विभाग मागच्या इमारतीत होता. हॉस्पिटलातली माणसं तिथं जायची ती बाजूच्या लहान दारानं, मान खाली घालून. थोरली पुढच्या दारानं गेली, कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये. चोरासारखं जायला मी काही औषध चोरलेलं नाही, असं ती मावशींना बजावून निघाली होती. आत बसलेली डॉक्टरीण एकेकाळी तिच्याच वॉर्डात शिकायला होती, आणि पेशंटची हकीकत अर्धवट लिहिली म्हणून थोरलीनं तिला सगळ्यांसमक्ष धारेवर धरलं होतं. थोरली खुर्चीवर ताठ बसली. झोप कशी आहे, तर ठीक. भूक कशी आहे, तर ठीक. डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं.

“सिस्टर, मला ओव्हर द्या,” ती म्हणाली.

“कुणाची?”

“तुमचीच. बसून नको, नेहमी देता तशी द्या.”

थोरली उभी राहिली. सवयच ती. हात मागं बांधले आणि समोरच्या भिंतीकडं पाहत बोलायला लागली. “बेड नंबर नाही. बाई, पन्नाशी उलटलेली, चालत आलीय. झोप नाही. जेवण नाही, पण डबा धुऊन नेते म्हणून कुणाला कळत नाही. एकच गोष्ट दहादा तपासते. देवाशी बोलत नाही. रडलेली नाही.” मग ती थांबली. “बहीण आजारी असताना सोडून घरी गेली. अंघोळ केली. झोपली. पेशंट एकटा गेला.”

“एकटा गेला, हे कुणी सांगितलं?” डॉक्टरणीनं विचारलं. “तुम्ही घरी गेल्यापासून परत येईपर्यंतची ओव्हर कुणाकडून घेतलीत?”

जन्मभर जिनं एकेक चमचा सूप विचारून घेतलं, तिनं त्या एका दुपारची ओव्हर कुणाकडूनच घेतली नव्हती. विचारायची हिंमतच झाली नव्हती. धाकटी तिला हाका मारत होती, असं ऐकावं लागलं असतं तर काय करायचं होतं? म्हणून तर तिनं भिंगरीकडं बघणं सोडलं होतं. त्यात राग नावालाही नव्हता, होती ती निव्वळ भीती. डॉक्टरीण म्हणाली, “तुमची घेतली.” मग तिनं गोळ्या लिहून दिल्या आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. थोरलीनं गोळीचं नाव आणि मात्रा दोनदा वाचली आणि बरोबर आहे, असं प्रशस्तिपत्रही डॉक्टरणीला देऊन टाकलं.

तिथून ती सरळ वॉर्डात गेली. वॉर्ड तिच्या हातात नव्हता, पण यायला कुणी बंदी केली नव्हती. भिंगरी चादरींच्या खोलीत होती, घडी घातलेल्या चादरी पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत. थोरलीला दारात बघून ती उभी राहिली आणि पटापटा बोलायला लागली, की ती नोकरी सोडतेय, घरी सांगून झालंय, सिस्टरांना तोंड दाखवण्याची सोय राहिली नाही. थोरलीनं तिला हातानं थांबवलं.

“त्या दुपारची ओव्हर दे.”

“इथं?”

“इथं कुठं, अगं? ओव्हर बेडपाशी देतात.”

अकरा नंबर त्या वेळी रिकामा होता, आजींना ड्रेसिंगला नेलं होतं. दोघी पायथ्याशी उभ्या राहिल्या. मावशींनी कुणी न सांगता पडदा ओढला. भिंगरीनं सुरुवात केली, “तुम्ही गेल्यावर त्या,” आणि अडखळली. “अकरा नंबर,” ती म्हणाली, आणि मग तिला बोलता आलं.

थोरली गेल्यावर धाकटीनं फणी मागितली होती. ताई येईल आणि हे केस बघून ओरडेल, असं म्हणाली. भिंगरीनं तिची वेणी घातली. घालून झाल्यावर थोड्याच वेळात बीपी एकदम पडलं. डॉक्टर आले, सगळे आले, जे करायचं ते सगळं केलं. भिंगरीनं एकेक औषध, एकेक वेळ सांगितली, आणि थोरलीनं मध्ये मध्ये प्रश्न विचारले. दुखत होतं का? नाही. शुद्ध होती का? होती, बराच वेळ. हात कुणी धरला होता? मी.

“त्या घाबरल्या होत्या,” भिंगरी म्हणाली. “मला प्रार्थना कुठलीच आठवेना. मग तुम्ही लॉकरपाशी म्हणता ना, ते ऐकलेलं होतं रोज, ते म्हणायला लागले. देवा, या सिस्टर घाबरल्यात, यांच्यापाशी थांब, असं. तर त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, अगं, ताईसारखी नीट दे. बेड नंबर आधी.” भिंगरीनं नाक पुसलं. “आणि हसल्या. मग मी पहिल्यापासून दिली, अकरा नंबरपासून. संपेपर्यंत त्या ऐकत होत्या. त्यानंतर नाही.”

थोरली बेडची दांडी धरून उभी होती. डोळ्यांतून पाणी चाललेलं, जे ती पुसत नव्हती. धाकटीनं मरतानाही तिची थट्टा केली होती. एकटी नव्हती ती. तिची वेणी घातलेली होती, हात हातात होता, आणि तिला घेऊन जाणाऱ्याला तिची नीट, नियमानं, बेड नंबरपासून ओव्हर मिळाली होती. आपण शिकवलेल्या पोरीनं ती दिली होती. थोरलीला इतका अभिमान वाटला, की दुःखाच्या आत एवढी जागा होती हे तिला माहीतच नव्हतं.

“घेतली,” ती म्हणाली. आणि मग भिंगरीला जवळ घेतलं, आणि दोघी त्या पडद्याआड मनसोक्त रडल्या. बाहेर मावशी खुर्ची टाकून बसल्या आणि कुणालाही आत जाऊ दिलं नाही, अगदी मोठ्या डॉक्टरांनाही.

एका दिवसात काही कुणी बरं होत नाही, थोरलीही झाली नाही. गोळ्यांनी आधी झोप आली, मग भूक, आणि वॉर्ड परत हातात आला तो बऱ्याच उशिरा. पण आल्या दिवशी तिनं सगळ्या पोरींना गोळा करून सांगितलं की मी मनाच्या डॉक्टरांकडं जाते, गोळ्या घेते, आणि ज्या कुणाला हसायचंय तिनं आत्ता हसून घ्यावं, नंतर वेळ मिळणार नाही. भिंगरीनं नोकरी सोडायचं मनातून काढलं, आणि तिला थोरलीनं स्वतः मागच्या इमारतीत, त्याच पुढच्या दारानं नेलं. वॉर्डात एक नवा नियमही आला. पेशंट गेला की त्याच्यापाशी जी होती, तिनं घरी जाण्याआधी स्वतःची ओव्हर द्यायची. जेवलीस का, झोपशील का, मनात काय अडकलंय. आणि ‘घेतली’ ऐकल्याशिवाय गेट ओलांडायचं नाही. ‘पाणी पी, देवाला सांग, कामाला लाग’ हे जुनं औषध तिनं बंद केलं नाही, फक्त त्यात ‘आधी मला सांग’ एवढं घातलं. पुढं दुसऱ्या वॉर्डांनीही तो नियम उचलला, आणि कुठून आला असं कुणी विचारलं की मेट्रनबाई थोरलीकडं बोट दाखवायच्या.

लॉकर मात्र तिनं बरेच दिवस उघडला नव्हता. एका दुपारी ड्यूटी संपल्यावर उघडला. चित्र जागच्या जागी होतं, कडेला जाळं धरलेलं. तिनं ते पदराच्या टोकानं पुसलं आणि डोकं आत घातलं.

“मेमो मागे घेते,” ती म्हणाली. “तू बघितलं नाहीस असं मला वाटलं होतं. तुझी माणसं ड्यूटीवर होती, मीच विचारलं नाही. पण ताकीद देतेय. मला उत्तर न देता उभं राहायचं नाही. नोकरीनं मोठा असलास तरी.” मग तिनं एक नंबरपासून सगळे बेड सांगितले. शेवटी एक नवा सांगितला. लॉकरपुढची बाई, आज जेवली, अजून बहिणीची आठवण येते, उद्या ड्यूटीवर आहे.

आणि आयुष्यात पहिल्यांदा ती ओव्हर देऊन निघून गेली नाही. दार अर्धवट धरून थांबली.

पलीकडच्या बाकावर भिंगरी बुटांचे बंद बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

“घेतली,” ती म्हणाली.

थोरलीनं चित्राकडं एकदा पाहिलं, लॉकरचं दार लावलं आणि पर्स काखेत मारून घरी गेली.